मेणवली : घाटाच्या मागचा वाडा

वाईपासून अवघ्या तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे छोटेसे गाव वसले आहे. हिंदी चित्रपटांनी येथील घाट घरोघरी पोहोचवला आणि तेव्हापासून येणारा बहुतेक माणूस पायऱ्यांवर छायाचित्रे काढून परततो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र घाट, देवळे आणि वाडा हा सारा एकाच माणसाने उभा केलेला संसार आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज मेणवली पुरती पाहिली असे म्हणता येणार नाही.

तो माणूस म्हणजे नाना फडणवीस. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी १७६८ मध्ये हे गाव नानांना दिले. पानिपतावरून जिवानिशी सुटून आलेले नाना तेव्हा जेमतेम सव्विशीचे होते आणि बारभाईंचे कारस्थान अजून दूर होते. वाडा सहा चौकी आहे. बाहेरून त्याच्या जाडजूड भिंती गढीसारख्या करड्या वाटतात, पण आत चौकाचौकातून उजेड खाली उतरतो आणि सागवानी खांब, तुळया व भिंतींवरची फिकट होत चाललेली चित्रे दिसू लागतात. वाड्याच्या मागील बाजूने उतरले की चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट लागतो. तेथेच विष्णूचे आणि मेणेश्वराचे देऊळ आहे.

मेणेश्वराजवळच्या लहानशा देवळीत टांगलेली घंटा मात्र थांबून, अगदी जवळ जाऊन पाहावी. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावदार आकृती असून १७०७ हे साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतील पोर्तुगीज घंटा पुढे ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची १७२१ सालची घंटा त्यांतलीच. जिंकून आणलेली वस्तू वितळवून तोफेत न घालता, मूळच्या आकृतीसह देवापुढे बांधण्यातला मोकळेपणा मला त्या विजयाहूनही मोलाचा वाटतो.

नानांचा खरा कारभार कागदावर चाले आणि ते कागद याच वाड्यात राहिले. ‘मेणवली दप्तर’ या नावाने ओळखला जाणारा हा मोडी पत्रांचा साठा रावबहादूर द. ब. पारसनीस यांनी उजेडात आणला. त्यांचा संग्रह आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. पेशवाईच्या उत्तरार्धाचा अभ्यास या पत्रांवाचून अडतो. कागदांना असा आसरा मिळाला, वाडा मात्र अजूनही नानांच्या वंशजांच्याच खाजगी मालकीचा आहे. एवढी मोठी वास्तू, तीही लाकूडकामाची, दर पावसाळ्यात शाबूत ठेवणे कोणत्याही एका कुटुंबाला जड जाणारच. तेव्हा चित्रीकरणासाठी घाटावर येणाऱ्यांनी त्या खर्चाचा थोडा वाटा उचलावा, अशी अपेक्षा करण्यात मला काही गैर दिसत नाही.