टायमिंग बेल्ट घरच्या घरी: खुणांपासून पहिल्या स्टार्टपर्यंतची नोंद

आधी सध्याची स्थिती. इंजिनचा टायमिंग बेल्ट, म्हणजे खालच्या क्रँकशाफ्टच्या जोरावर वरचे व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट नेमक्या वेळी फिरवणारा दातेरी पट्टा, नवा बसला आहे. सोबत टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली), वॉटर पंप आणि पुढची सगळी ऑइल सीलही नवी घातली. इंजिन सुरू होऊन पूर्ण तापेपर्यंत चाललं, आवाज स्वच्छ आहे. कूलंटची पातळी अजून रोज सकाळी बघतेय. खालची नोंद कामाच्या क्रमाने आहे, पण डोकं आणि वेळ जिथे जास्त लागला तिथेच जास्त लिहिलंय. बेल्ट प्रत्यक्ष चढवणं हा या कामाचा फार छोटा भाग आहे. बाकी सगळा वेळ तिथवर पोचण्यात आणि चाकं नेमक्या जागी असल्याच्या खुणा पुन्हा पुन्हा तपासण्यात जातो, आणि तो तसाच जायला हवा.

इंजिन चार सिलिंडरचं पेट्रोल, आडवं बसवलेलं, वर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, एकच कोरडा बेल्ट. इंटरफिअरन्स प्रकारचं आहे, म्हणजे पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो तो फक्त बेल्ट. तो तुटला किंवा त्याने दात सोडले, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) उतरवावं लागतं. ज्यांच्या इंजिनात बेल्ट तेलात चालतो (फोर्डचं १.० इकोबूस्ट, प्यूजोचं १.२ प्युअरटेक अशी काही) त्यांनी ही नोंद जशीच्या तशी वापरू नये. तिथलं काम वेगळं आहे.

बदलायचं कशावरून ठरवलं

किलोमीटर अजून बाकी होते, वर्षं मात्र उलटून गेली होती. मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे असतात आणि जो आधी येईल तो धरायचा. बहुतेक इंजिनांत हा टप्पा ६०,००० ते १,६०,००० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावण्यात अर्थ नाही.

वरचं कव्हर उघडून बेल्ट बघितला तर पाठ गुळगुळीत, एकही भेग नाही. अनेक जण इथेच फसतात. जुन्या काळचे निओप्रीनचे बेल्ट भेगाळून आधीच इशारा द्यायचे. आताचे बेल्ट हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे असतात, आत काचतंतूंचे दोर आणि दातांवर नायलॉनचं कापड. ते वरून चांगले दिसत राहतात आणि आतून थकतात. माझ्या बेल्टची खरी हकीकत त्याच्या काठावर होती. इंजिनच्या बाजूचा काठ बोटभर लांबीत काळपट ओला, तिथलं कापड किंचित सुटलेलं, आणि नखाने दाबलं तर तिथलं रबर बाकीच्यापेक्षा मऊ लागत होतं. वर एक्झॉस्ट कॅमचं सील पाझरत होतं. तेल लागलं की रबर फुगतं आणि दात सैल होतात. त्यामुळे नुसता बेल्ट बदलून सील तसंच ठेवायचा प्रश्नच नव्हता.

खोलणं

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं, गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली आणि धक्का देऊन बघितली. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. पुढचं उजवं चाक, आतलं प्लास्टिक आणि ॲक्सेसरी बेल्ट (अल्टरनेटर वगैरे फिरवणारा बाहेरचा) काढले. स्पार्क प्लग आधीच काढले, कारण कॉम्प्रेशन नसलं की इंजिन हाताने फिरवणं सोपं जातं आणि कुठे काही अडलं तर ते हाताला लगेच कळतं. प्लगच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबून ठेवली.

प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचला. खालच्या कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर आटे बिघडतात किंवा पलीकडच्या भागावर टेकतो.

क्रँकचा बोल्ट

सगळ्यात जास्त अंगमेहनत इथे. क्रँकच्या टोकाला पुली धरणारा हा बोल्ट कमालीचा आवळलेला असतो. फोक्सवॅगनच्या अनेक इंजिनांत ९० न्यूटन-मीटर आणि त्यावर आणखी पाव फेरा अशी सूचना असते, काही इंजिनांत आकडा याच्या दुप्पट जातो. इंजिन माउंट (इंजिन गाडीला धरणारा आधार) काढण्याआधी, इंजिन आपल्या जागी घट्ट असतानाच हा सैल करायचा. गाडी मॅन्युअल असल्यामुळे सर्वांत वरचा गिअर टाकला, धाकट्या भावाला ब्रेकवर बसवलं आणि सॉकेटला लांब दांडी लावली. दांडीचं टोक झटका न देता सलग दाबत राहिले. बराच वेळ नुसती दांडी वाकत होती. मग एक खणखणीत टक् आवाज आला आणि आतून भाऊ ओरडला, "ताई, सुटला की तुटला?" सुटला होता.

दांडी जमिनीला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती बरेच जण सांगतात. मी ती वापरत नाही. दांडी निसटली तर कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा नसतो. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: कॅम लॉक करायच्या पिना या बोल्टचा जोर झेलण्यासाठी नसतात. त्या फक्त जागा दाखवतात. त्यांच्या भरवशावर क्रँकचा बोल्ट सोडवला तर पीन वाकते किंवा कॅमची खाच तुटते. ऑटोमॅटिक गाडीत पुली धरायचं वेगळं हत्यारच हवं.

बोल्ट नवा घातला. ज्या बोल्टला टॉर्कनंतर अंशांत फिरवायला सांगितलेलं असतं तो ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो, दुसऱ्यांदा वापरायचा नसतो.

खुणा

इथे सर्वांत जास्त वेळ दिला.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक घेतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. समजा क्रँकला २० आणि कॅमला ४०. बेल्ट कॅमवर एक दात चुकला तर कॅम ९ अंशांनी सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंश. एका दाताने इंजिन सुरू होईल, पण ओढणार नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागेल. त्याहून जास्त चुकलं तर धातूला धातू लागायची भीती.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) आणला. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून क्रँक फिरवला की हवेचा दाब जाणवतो, तोच कॉम्प्रेशनचा फेरा. मग भोकात लांब प्लास्टिकची कांडी सोडून ती वर येऊन थांबते कुठे ते बघितलं. क्रँक नेहमी क्रँकच्याच बोल्टवर फिरवायचा, कॅमच्या बोल्टवर कधीच नाही, आणि इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने. ही दिशा बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असते, पण होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं उलट फिरतात, तेव्हा आपल्या मॅन्युअलमध्ये बघूनच हात लावावा.

आता मुख्य अडचण. बाहेरच्या क्रँक पुलीवर खूण असते आणि तिचा जोडीदार प्लास्टिक कव्हरवर असतो. पुली आणि कव्हर दोन्ही निघाले की ती जोडीच संपते. खरी खूण आतल्या दातेरी चाकावर असते आणि तिची जोडीदार ऑइल पंपाच्या ओतीव भागावर. ती तेलकट धुळीखाली इतकी बारीक रेघ असते की ब्रशने घासून, तिरका टॉर्च मारल्याशिवाय मला दिसली नाही. चाकावर एकाहून जास्त खुणा असू शकतात. सुबारूच्या ईजे इंजिनांत तर क्रँकच्या चाकावरचा बाण लावायचा नसतोच, दातावरची छोटी रेघ लावायची असते, आणि तिथे पिस्टन टीडीसीवर नसून मधोमध असतात. त्यामुळे टीडीसी आणि टायमिंगची खूण या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून चालू नये.

खुणा जुळल्या तरी मी स्वतःच्या वेगळ्या मारल्या. पांढऱ्या रंगाने दोन्ही कॅमच्या चाकांवर, क्रँकच्या चाकावर आणि त्या समोर जुन्या बेल्टवर. बेल्ट निघाल्यावर दोन खुणांमधले दात मोजले आणि तितकेच दात मोजून नव्या बेल्टवर रेघा काढल्या. जुन्या आणि नव्या बेल्टचे एकूण दात आणि रुंदीही शेजारी ठेवून पडताळली. फोटो प्रत्येक खुणेच्या अगदी समोरून काढायचे. बाजूने बघितलं तर अर्ध्या दाताचा फरक असल्याचा भास होतो आणि मग उगाच सगळं हलवलं जातं.

ज्या इंजिनांत दातेरी चाकाला चावीच (चाक शाफ्टवर पक्कं अडकवणारा धातूचा तुकडा) नसते, नुसत्या बोल्टच्या दाबावर ते बसतं (फोर्डचं सिग्मा हे एक), तिथे या रंगाच्या रेघांवर विसंबू नका. तिथे लॉकिंग टूल लागतंच.

पंप, सील आणि बेल्ट

सम्पखाली (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) लाकडाची फळी देऊन जॅकने इंजिनला हलका आधार दिला आणि उजवं माउंट काढलं. टेन्शनर सैल करताना कॅमवर लक्ष ठेवलं, कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे कॅम झटक्यात फिरू शकतो. इथे पिना कामाला येतात.

वॉटर पंप बेल्टवरच फिरतो, त्यामुळे तो जुना ठेवणं म्हणजे काही वर्षांनी हेच सगळं पुन्हा खोलणं. काढायच्या आधी कूलंट पूर्ण उतरवलं. गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या खरवडणीने काढले, कारण ॲल्युमिनियमवर लोखंडी पात्याचा एक ओरखडाही गळतीला पुरतो. सील ओढून काढताना शाफ्टला हत्यार लागू दिलं नाही. नवी सील जुन्याच खोलीवर सरळ बसवली. साध्या रबरी सीलच्या ओठाला थोडं तेल लावायचं असतं, पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) सीलला मात्र कोरडंच बसवायला सांगतात, म्हणून पाकिटावरची सूचना वाचूनच हात घातला.

नवा बेल्ट वळवायचा, पिळायचा किंवा स्क्रू ड्रायव्हरने रेटायचा नाही. आतले काचतंतू तुटले तर बाहेरून काहीच दिसत नाही. बाण फिरण्याच्या दिशेने ठेवून क्रँकपासून सुरुवात केली. ज्या बाजूने क्रँक बेल्ट ओढतो ती बाजू पूर्ण ताणलेली ठेवत वर गेले, पहिला कॅम, दुसरा कॅम, प्रत्येक ठिकाणी कागदांचा चिमटा लावून बेल्ट धरला. सगळा ढिलेपणा शेवटी टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. पंपावरून नेऊन बेल्ट टेन्शनरवर सरकवला, टेन्शनर फिरवून त्याचा काटा खाचेच्या मधोमध आणला आणि टॉर्क रेंचने नट आवळला. इंजिन थंड होतं, ताण थंड इंजिनावरच लावायचा असतो.

मग पिना काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. चाकांवरच्या खुणा जागच्या जागी. टेन्शनरचा काटा मात्र किंचित सरकला होता, तो पुन्हा मधोमध आणला आणि पुन्हा फिरवलं. फिरवताना कुठेही कडक अडथळा लागला तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आणखी एक: दोन फेऱ्यांनंतर बेल्टवरच्या रंगाच्या रेघा चाकांच्या खुणांसमोर येत नाहीत. बेल्टच्या दातांची संख्या चाकांशी तशी जुळत नाही, त्या रेघा फक्त चढवण्यापुरत्या असतात. त्यानंतर बघायच्या त्या धातूवरच्या खुणा.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

जोडणी उलट क्रमाने झाली. कव्हरचे छोटे बोल्ट हाताने आधी लावले, मग टॉर्क रेंचने. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, त्याहून जास्त म्हणजे ॲल्युमिनियमचे आटे गेलेच.

कूलंट भरून हवा काढली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला. इंजिन पहिल्याच स्टार्टला लागलं. बेल्ट जास्त आवळला गेला असेल तर वेगासोबत वाढणारी शीळ येते, सैल असेल तर कव्हरवर फटफट ऐकू येते. दोन्ही नव्हतं. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवलं, मग थंड झाल्यावर कूलंट थोडं खाली गेलेलं होतं, तेवढं भरलं. पंपाच्या तळाशी आणि एक्झॉस्ट कॅमच्या सीलखाली पांढरा कागद फिरवून बघितला, कोरडा आला.

बॉनेटच्या आतून तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं लेबल चिकटवलंय. ५०० किलोमीटर झाले की वरचं कव्हर एकदा उघडून बेल्टचा काठ आणि सील पुन्हा बघणार आहे. त्याच वेळी ॲक्सेसरी बेल्टचा टेन्शनरही बदलून घेईन, त्याचं बेअरिंग हाताने फिरवताना खरखरत होतं.