उजवा पाय

एप्रिल लागला की गच्चीवरून कूलर उतरवायचा, जाळ्यांत नवी खस भरायची, पंप मेला असेल तर त्याला शिव्या घालायच्या. नागपूरकराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. परवा भर दुपारी मिस्त्रीने मोटर बदलली आणि बटण दाबलं. लोखंडी पेटी गुरगुरली, थरथरली आणि स्टँडवर वीतभर फिरली. तिच्या एका पायाचा रबर केव्हाच गळून पडला होता.

"पाय लावा ना भौ," मिस्त्री म्हणाला. मी लावला. उजवा. आणि शेजारचे काका आठवले.

आम्ही खामल्याचे. सोनेगावला उतरणारी विमानं डोक्यावरून जायची, त्यामुळे आमच्याकडे विमानाकडे कुणी मान वर करून पाहत नाही. आजीला तर विमान म्हणजे झोपमोड. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री इथे येऊन थैल्या बदलून परतायची. १९४९ पासूनची ही गोष्ट ती तक्रारीच्या सुरातच सांगे.

काका मात्र उठायचे. वायुसेनेत इंजिन मेकॅनिक होते. जेट गेलं तर पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. पण फ्लाइंग क्लबचं एका पंख्याचं विमान घरघरलं की लुंगी सावरत गच्चीवर. मग आम्हा पोट्ट्यांना खाटेवर एकामागे एक बसवायचे. पुढचा शिकाऊ, मागचा मास्तर, दोघांच्या हातात लाटणी. शिकाऊ विमानात दांडे दोन, पायपट्ट्याही दोन जोड्या, आणि सगळं आतून एकमेकांना जोडलेलं. पुढच्याने चूक केली की मागच्याच्या हातापायांना कळते.

"हार्वर्ड!" काका अमेरिकी शिकाऊ विमानाचं नाव ओरडायचे. आम्ही उजवा पाय दाबायचा. "इंग्रजी इंजिन!" की डावा, कारण तिकडची काही इंजिनं उलटी फिरतात. पंख्याने मागे फेकलेला वारा सरळ जात नाही, विमानाच्या अंगाला वेटोळे घालत जाऊन शेपटीला एका बाजूने धडकतो. उड्डाणाला पूर्ण जोर दिला की पोराचं लक्ष धावपट्टीकडे आणि विमानाचं गवताकडे. सरळ जायचं तर एक पाय दाबून धरायचा. हार्वर्डचा आवाज काका तोंडाने काढायचे. पंख्याची टोकं ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात म्हणून तो तसा कानठळ्या बसवणारा. गल्लीतली कुत्री साथ द्यायची.

एचटी-२ वर त्यांचा खास जीव. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळुरात पहिल्यांदा उडालेलं, १५५ घोड्यांचं, हिंदुस्थान एअरक्राफ्टने घडवलेलं शिकाऊ विमान. रचना विष्णू माधव घाटग्यांची, जे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. "कोल्हापूरकडचा मानूस," काका म्हणत, आणि थोडं थांबून, "पन आपलाच." वैदर्भीयाने एवढं कबूल करणं म्हणजे सन्मानपत्रच.

पुढे त्या जागी दीपक नावाचं शिकाऊ विमान आलं. त्यात मास्तर शेजारी बसायचा. काकांना ते पटलं नव्हतं. बाजूला बसला की पोरगा त्याच्या तोंडाकडे पाहतो, म्हणायचे. मला तेव्हा गणिताचे सर आठवायचे, बाकांच्या मागे उभे राहणारे. पाठीला डोळे फुटायचे आमच्या.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही चालवलं का?"

"मी ठोकळे काढले चाकाखालचे," ते म्हणाले आणि खाली चहाला गेले.

मिस्त्रीने पायाखाली विटेचा तुकडा सरकवला. "काढा आता पाय." पेटी हलली नाही. ती आधी डावीकडे फिरली होती की उजवीकडे, विचारायला हवं होतं. पैसे घेऊन तो गेला, आणि मी गार वाऱ्यात झोपलो.