शेवटचं पान कशाला घेतलंय?

छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या प्रकाशनात मी संपादनाचं काम करते. गेल्या पावसाळ्यात बीडकडच्या एका तरुण शिक्षकाचा कथासंग्रह आमच्याकडे आला. सगळ्या कथा उद्याच्या मराठवाड्यातल्या आणि सगळ्या काळ्याकुट्ट. काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवायला त्या दिवशी तो स्वतः आला होता.

पहिलीच कथा मला फार आवडली होती. ऊसतोडीला गेलेला नवरा हंगामाच्या मध्यावरच मरतो. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, फिटलेली नसते. मुकादम वहीत त्याचा रोज खाडा मांडतो, न भरलेल्या दिवसांचे पैसे अंगावर चढत जातात. मग एके पहाटे बायको कोपीबाहेर येते तर ऊस तुटलेला, मोळ्या बांधलेल्या. ती वाकून गाठ बघते. वाढ्याचा, म्हणजे मोळी बांधायच्या उसाच्या शेंड्याचा, पीळ उलटा आहे. नवरा डावखुरा होता. किंकाळी नाही, वारा नाही. ती मोळी डोक्यावर घेते आणि चालू लागते, कारण गाडी भरायची असते.

अद्भुत म्हणावं असं त्यात एवढंच. बाकी फड, कोयता, मुकादमाची वही, सगळं जसंच्या तसं. म्हणून तर अंगावर येतं. एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्येच लिहून ठेवलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्द न् शब्द एकाच परिणामासाठी यावा. ही कथा त्या कसाला उतरत होती, पण शेवटच्या पानापर्यंतच. त्या पानावर गावचे गुरुजी येतात आणि शोषण म्हणजे काय ते समजावून सांगतात.

मी तेच बोलत होते. तो ऐकून घेत होता, पण पटत नव्हतं. "ताई, पुण्या-मुंबईच्या वाचकाला उचल काय कळणार? सांगावं लागतंय."

आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या बाई शेजारच्याच टेबलावर असतात. धारूरकडच्या आहेत, आईवडिलांचा कोयता होता, म्हणजे दोघं जोडीनं ऊसतोडीला जात. हीच कथा त्यांनी टाइप केली होती. त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

"सर, शेवटचं पान कशाला घेतलंय? बाईनं गाठ बघितली तिथंच कळालं की."

"पण अर्थ..."

"माझा बाप गेला तर उचल भावाच्या नावावर चढली. दहावीत होता. तुम्ही मेलेला माणूस फडात आणला, आमच्यात पोरगं फडात गेलं. आता ह्यात गुरुजीनं काय सांगायचं राहिलं?"

तो काही बोलला नाही. पेन्सिल घेतली आणि त्या पानावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली. एवढ्या वर्षांत असा संपादकीय शेरा माझ्या हातून कधी उतरला नाही, हे मी मनापासून सांगते.

पाणीरेल्वेच्या कथेवरून मात्र आमची खरी खडाजंगी झाली. २०४० सालचं लातूर, पाण्याची गाडी, टाक्यांभोवती बंदूकधारी, जमावबंदी. मी विचारलं, यात कल्पित काय आहे? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातूरला आलीच होती. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांपाशी गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लागलं होतं. जे घडून गेलं त्याला पुढची तारीख लावली आणि ड्रोन जोडले की भविष्यकथा होत नाही. आपल्याकडचं वास्तव इतकं पुढे गेलंय की आपल्या लेखकाला नुसतं वाढवून सांगणं पुरत नाही. त्याला एक नियम मोडावा लागतो, मेलेला नवरा फडात ऊस तोडून गेला तसा, आणि मग त्या एका मोडलेल्या नियमाशी शेवटपर्यंत इमान राखावं लागतं.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. गर्भाशय काढून घेतल्याशिवाय ऊसतोडीच्या टोळीत जागा न मिळणाऱ्या बाईची एक कथा आहे. विषय बीड जिल्ह्याच्या अगदी उरातला. अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती. पण कथेतल्या बाईला नाव नाही, हट्ट नाही, तिला काय खावंसं वाटतं तेही नाही. ती फक्त सोसते. संग्रहातल्या बहुतेक बायका अशाच आहेत. मोळीची गाठ ओळखणारी तेवढी जिवंत, कारण ती काहीतरी बघते आणि बघून ठरवते. भयकथेत वाचकाला भीती वाटायला आधी कुणाची तरी काळजी वाटावी लागते.

हे त्याला पटलं. ती कथा तो बाईच्या बाजूनं नव्यानं लिहिणार आहे, आणि लिहून झाली की आधी धारूरच्या बाईंना वाचायला देणार आहे. तीन कथा गाळल्या. पाणीरेल्वेवर तो अडून बसला आहे, मीही. पुस्तक दिवाळीऐवजी आता उन्हाळ्यात काढायचं ठरलं आहे.