धोतरातली साखर

सुती साडीला खळ घालायची ती घरच्या पेजेचीच, या बाबतीत मी हट्टी आहे. तयार पावडर, फवाऱ्याची बाटली, सगळं घरात आलं आणि फळीवर पडून राहिलं. काल दुपारी पेज गाळता गाळता मनात आलं, ही पेज म्हणजे स्टार्च, म्हणजे शेवटी ग्लुकोजची माळ. आणि साडी? तीही ग्लुकोजचीच माळ! भर दुपारी मी साखरेला साखर चोपडत उभी होते.

कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या दिवशी सालीवरच्या साधारण चौथा हिस्सा पेशींना अंगात येतं. त्या फुगून वर येतात आणि पुढे वीसेक दिवस नुसत्या लांबत सुटतात, अगदी तीन सेंटिमीटरपर्यंत. बाकीच्या बिचाऱ्या साल म्हणूनच जन्म काढतात. या सगळ्याला साखर लागते. पानांतून आलेली साखर फोडून देणारं विकर (एन्झाइम) म्हणजे सुक्रोज सिंथेस. त्याचं जनुक ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाबून पाहिलं, तर तंतू वर येईचनात. आले तेही खुरटे. हे 2003 मधलं. लांबणं संपत आलं की सेल्युलोज सिंथेस हे दुसरं विकर तीच साखर सेल्युलोजच्या माळेत ओवून तंतूची भिंत आतून जाड करत जातं. वनस्पतींमधलं त्याचं जनुक 1996 मध्ये पहिल्यांदा हाती लागलं, तेही कापसाच्याच तंतूत.

मग साडीला मुंग्या का लागत नाहीत? ओवण्यात गोम आहे. पेजेत सगळे मणी एका बाजूने ओवलेले. कापसात एक सुलटा, पुढचा उलटा. एवढ्याशा फरकाने भात पचतो आणि धोतर पचत नाही. आपल्याकडे तो सांधा उकलणारं विकरच नाही.

गाईच्या पोटातल्या जिवाणूंकडे मात्र आहे. आजोळी, वणीकडे, एकदा गाईने दोरीवरचं आजोबांचं धोतर ओढून अर्धंअधिक चघळलं होतं. आजी काठी घेऊन धावली. आम्ही पोरं हसून लोळत होतो. आजोबा ओट्यावरून हलले नाहीत. म्हणाले, "खाऊ दे वं! सरकीची ढेप चालते तिले, मंग धोतरानं काय घोडं मारलं?" आजीने ती काठी आजोबांवरच उगारली. उरलेल्या धोतराची फडकी पुढे बरेच दिवस चुलीपाशी दिसायची, आणि गाय दावणीतून दोरीकडे बघत असायची. रसायनशास्त्र तिचं पक्कं होतं.

मामाचं रान कोरडवाहू. बोंडं भरायच्या दिवसांत पाऊस दडी मारतो. पानंच कोमेजली तर विकरांनी साखर आणायची कुठून? तंतू लांबलेला असतो, पण भिंत पातळच राहते. असा कापूस दिसतो पांढराशुभ्र, हाताला लागतो पोचट, आणि रंगही नीट धरत नाही. व्यापारी चिमूटभर रुई ओढून बघतो, "माल हलका आहे" म्हणतो, भाव पाडतो. त्याचंही खोटं नसतं. मामाने यंदा निम्म्या रानात सोयाबीन पेरलंय.