राजीनाम्यानंतरचा धनादेश आणि रद्द झालेला खटला : माझा अनुभव

ज्या कंपनीच्या संचालकपदाचा मी मार्चमध्ये राजीनामा दिला होता, तिने ऑक्टोबरमध्ये दिलेला धनादेश वटला नाही आणि परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील फिर्यादीत आरोपी क्रमांक ३ म्हणून माझे नाव आले. धनादेशावर माझी सही नव्हती. आधी आलेल्या नोटिशीला मी उत्तर दिले नव्हते. राजीनाम्याची प्रत जोडून ते द्यायलाच हवे होते.

वकीलबाईंनी माझी हकीकत ऐकण्याआधी फिर्यादीतल्या तारखा कागदावर उतरवल्या : बँकेकडून धनादेश परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात फिर्याद. ते १५ दिवस संपण्याआधीच केलेली किंवा कंपनीला वगळून केवळ संचालकांवर केलेली फिर्याद टिकत नाही. इथे मात्र तारखा बिनचूक होत्या आणि आरोपी क्रमांक १ कंपनीच होती.

कंपनीने ते देणे आधीच फेडले होते, हा माझ्या टिपणातला सर्वांत मोठा मुद्दा. बाईंनी त्यावर पेन्सिलीने काट मारली आणि मला ते फार लागले. त्यांनी समजावले की कलम १३९ मुळे धनादेश देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते, ते गृहीतक खोडायला साक्षीपुरावा आणि उलटतपासणी लागते, आणि ती जागा खटल्याची आहे. खटला रद्द करण्याच्या अर्जावर उच्च न्यायालय पुरावा तोलत बसत नाही. धनादेश केवळ तारण म्हणून दिला होता, हा मुद्दाही त्याच कारणाने गळला. ज्याच्या खरेपणाबद्दल वादच होऊ शकत नाही, एवढाच कागद घेऊन जायचे ठरले.

राजीनाम्याचे पत्र माझ्याकडे होते, पण असे पत्र मागाहून, मागची तारीख घालूनही लिहिता येते. म्हणून कंपनी निबंधकांकडे दाखल झालेल्या डीआयआर-१२ अर्जाची, म्हणजे संचालक बदलल्याची कंपनीने सरकारदरबारी दिलेल्या माहितीची, प्रमाणित प्रत काढली. तो अर्ज एप्रिलमध्ये, म्हणजे धनादेशाच्या सहा महिने आधी, दाखल झाला होता. माझे प्रकरण उभे राहिले ते या एका तारखेवर.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ४८२) आम्ही मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. नुसता अर्ज केल्याने खालचा खटला थांबत नाही. अंतरिम स्थगिती मिळेपर्यंत मला दंडाधिकाऱ्यांपुढे तारखांना हजर राहावेच लागले. सुनावणीत बाईंनी सर्वोच्च न्यायालयाचे हर्षेंद्र कुमार (२०११) आणि गुनमाला सेल्स (२०१४) हे निकाल दाखवले : संचालकाचा धनादेशाशी संबंध नव्हता हे निर्विवाद कागदावरून दिसत असेल, तर उच्च न्यायालय त्याच्यापुरता खटला रद्द करू शकते. न्यायमूर्तींनी फिर्यादी पक्षाला विचारले, “गुन्हा घडला त्या वेळी हे संचालक होते, असे दाखवणारा एक तरी कागद आहे का?” फिर्यादीत फक्त ‘सर्व आरोपी दैनंदिन कारभारास जबाबदार आहेत’ असे वाक्य होते. कंपनीच्या गुन्ह्यासाठी कोणाला जबाबदार धरायचे ते ठरवणारे कलम १४१ मात्र गुन्ह्याच्या वेळी कारभार कोणाच्या हाती होता, हेच विचारते.

खटला माझ्यापुरता रद्द झाला. कंपनी आणि सही करणारे संचालक यांच्यावरचा चालूच राहिला, आणि तो राहायलाच हवा होता, कारण फिर्यादी पक्षाचे पैसे खरोखर अडकले असतील तर तिथेच त्यांचा निवाडा व्हायचा होता. पुढच्या तारखेला आदेशाची प्रमाणित प्रत मी स्वतः नेऊन दंडाधिकारी न्यायालयात दाखल केली.