छापलेल्या पानावर शिरा भरताना

कापडावर स्क्रीन प्रिंटिंगने चित्र छापायचं आणि त्यावर भरतकाम करायचं असं ठरवलं की बहुतेक जण आधी पूर्ण चित्र छापतात आणि मग ‘आता कुठे बरं टाके घालावेत’ म्हणून ते चित्र न्याहाळत बसतात. तिथेच गडबड होते. छापलेल्या रेघेवर पुन्हा दोऱ्याने रेघ ओढली तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं दिसतं. पॉझिटिव्ह (ज्यावरून स्क्रीन बनते ते पारदर्शक कागदावरचं काळं चित्र) काढतानाच ठरवायचं की हे काम शाईचं आणि हे दोऱ्याचं. जिथे दोरा येणार तिथे छपाईत फट सोडायची.

उदाहरणाला अळूचं पान घेऊ, तेही वडीचं, काळ्या देठाचं. पसरट हिरवा भाग शाईने दहा सेकंदांत होतो; तेवढाच भाग दोऱ्याने भरायचा तर दोन-तीन दिवस जातील. जांभळट शिरा मात्र दोऱ्यातच शोभतात, कारण खऱ्या पानाच्या पाठीवरही त्या उंच उठलेल्या असतात. अळूचा देठ पानाच्या काठाला न चिकटता खाचेच्या जरा आत, पाठीमागे जोडलेला असतो. तिथूनच एक शीर टोकाकडे आणि दोन मागच्या पाळ्यांकडे जातात. हा बिंदू चुकला तर तुमचं अळू लोकांना विड्याचं पान वाटेल.

४० सेंमीच्या उशीच्या अभ्र्यासाठी कापड ५० × ५० सेंमी कापा. भरतकामाची रिंग लावायला कडेला जागा लागतेच. कापड मांजरपाट किंवा केंब्रिक. मांजरपाट कोरा असेल तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, तो अळवावरच्या पाण्यासारखाच नुसता बसून राहील. खळ आणि तेलकटपणा गेल्याशिवाय शाई धाग्यात शिरत नाही. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी लिटरला ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चिमूटभर डिटर्जंट घालून अर्धा-पाऊण तास उकळा, मग खळखळून धुवा. थेंब पडताक्षणी जिरला की कापड तयार. आटायचं तेही याच वेळी आटतं. हे टाळलंत तर पहिल्या धुण्यात कापड आटेल, दोरा तेवढा आटणार नाही आणि प्रत्येक शीर नागमोडी होईल.

स्क्रीन म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी. ती ४३ नंबरची घ्या, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. इंचाच्या हिशेबाने विकणारे तिलाच ११० म्हणतात. (नाव अजून ‘सिल्क स्क्रीन’, जाळी केव्हाच पॉलिएस्टरची झाली.) चौकट आतून चित्रापेक्षा चारही बाजूंनी ६ सेंमी तरी मोठी हवी, नाहीतर स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) टेकवायला आणि शाई ओतायला जागा उरत नाही. इमल्शन (जाळीवर लावायचा, उजेडाने कडक होणारा लेप) घेताना दुकानदाराला ‘पाण्याच्या शाईला चालेल असं’ असं स्पष्ट सांगा. नुसतं बायक्रोमेट घातलेलं साधं इमल्शन पाण्याच्या शाईने मऊ पडतं आणि विसाव्या छापाला फटींच्या कडा सुटू लागतात. बायक्रोमेट क्रोमियमचं संयुग आहे, त्वचेला वाईट, त्यामुळे हातमोजे घाला. इमल्शन लावलेली स्क्रीन पॉझिटिव्हसकट उन्हात किंवा ट्यूबखाली किती वेळ ठेवायची, हे प्रत्येकाच्या मांडणीवर ठरतं. इमल्शन लावलेल्या एका जुन्या स्क्रीनवर काळा पुठ्ठा दर २० सेकंदांनी सरकवत चाचणी पट्टी काढा. वेळ कमी पडली तर धुताना इमल्शन आतल्या बाजूने बुळबुळीत होऊन सुटतं. जास्त झाली तर बारीक जागा उघडतच नाहीत.

आता मुख्य मोजमाप, फटीची रुंदी. तीन पदरी दोऱ्याचा स्टेम स्टिच (एकमेकाला खेटून पुढे जाणारा, दोरीसारखा दिसणारा टाका) साधारण दीड मिलिमीटर रुंद बसतो. शिरेची फट त्याहून किंचित कमी ठेवा, सव्वा मिलिमीटर. दोरा दोन्ही कडांवर थोडासा चढला पाहिजे. फट रुंद राहिली तर शिरेच्या बाजूने पांढरी रेघ डोकावते आणि सगळं काम कच्चं दिसतं. उपशिरांना एक पदर, फट अर्धा मिलिमीटर. त्याहून बारीक फट छपाईत बुजतेच, कारण शाई कापडात थोडी पसरते. पदरांचा हिशेब आधी आणि पॉझिटिव्ह नंतर, हा क्रम सोडू नका. या पद्धतीत कार्बनने ट्रेस करायचं कामच उरत नाही. फट हीच खूण.

शाई पातळ थराची हवी. १०० ग्रॅम शाईत तयार पारदर्शक बाइंडर पेस्ट (रंग कापडाला धरून ठेवणारी) ९४ ग्रॅम, पिगमेंट म्हणजे रंग ४ ग्रॅम, तो पक्का करणारा फिक्सर २ ग्रॅम. पेस्ट आणखी ओतून थर जाड केलात तर सुई करकर वाजते, भोकं उघडी राहतात आणि चुकलेला टाका उसवला की त्या जागी पांढरे ठिपके कायमचे दिसतात. पेस्ट फार कमी केलीत तर रंग घासून निघतो. गडद कापडावर खादी पेस्ट वापरायचा मोह होतो. ती टायटॅनियमची पांढरी, झाकणारी पेस्ट. थर जाड बसतो आणि रिंगमध्ये ताणला की तडकतो. माझ्या मते भरतकामाखाली खादी नकोच. गडद पार्श्वभूमी हवी असेल तर उलटं करा, फिक्या कापडावर पार्श्वभूमीच छापा आणि पान मोकळं सोडा.

टेबलावर कांबळं, वर ताणलेलं जुनं कापड, त्यावर टाचण्यांनी पक्कं केलेलं कापड. स्क्वीजी साधारण ४५ अंशांत धरून एकच ओढ. दुसरी ओढ दिलीत तर हिरवा गडद होईल, पण फटी बुजतील. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवा आणि शाईत दोन-तीन टक्के ग्लिसरीन घाला, नाहीतर चौथ्या छापाला जाळी सुकून उपशिरांभोवती हिरव्यात पांढरे डाग पडतात. काम थांबवायचं असेल तर लगेच स्क्रीन धुवा. दहा मिनिटांनी धुऊ म्हटलं की जाळी कायमची बंद झालीच म्हणून समजा.

छाप दिवसभर सावलीत वाळू द्या. मग उलट्या बाजूने, वाफ बंद करून, सुती कापडाच्या तापमानाला इस्त्री. ती फिरती ठेवा आणि प्रत्येक भागाला मिळून चार-पाच मिनिटं उष्णता मिळू द्या. कारखान्यात हेच काम १५० अंशांवर होतं. रंग पक्का करायचं काम भरतकामाआधीच उरका. नंतर केलंत तर रेयॉनचा दोरा होरपळतो आणि उठलेले टाके सपाट होतात. ओला पांढरा कपडा दहा वेळा घासून बघा. हिरवा उतरला तर पुन्हा इस्त्री.

रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, म्हणजे छपाईवर गोल वळ उठत नाहीत. रात्री रिंग काढून ठेवा. दोरा हातभर, ४५ सेंमी, त्याहून लांब घेतला तर छापलेल्या भागातून जाताना तो लव सोडतो. सहा पदरी दोऱ्यातले पदर एकेक करून सुटे करा आणि मग तीन एकत्र ओवा. असे पदर अधिक भरून बसतात. तीन पदरांना ७ नंबरची सुई, एकाला ९. जांभळा दोरा आधी ओला करून पांढऱ्या कापडात दाबा, कारण काही गडद दोरे रंग सोडतात आणि तो पांढऱ्या मांजरपाटावर आला तर जात नाही.

सुरुवात देठाच्या बिंदूपासून करा. तीन मोठ्या शिरा आधी, उपशिरा नंतर, म्हणजे ओढ मध्यापासून बाहेर जाते. काठापासून आत आलात तर मधोमध फुगा येतो. टाका ४ मिलिमीटरचा, वळणावर ३.

कॉम्प्युटर मशिनवर हे करून घ्यायचा विचार असेल तर घाई करू नका. रिंगमध्ये ताणताना कापड मिलिमीटरभर सरकतं, आणि आपली फट आहे सव्वा मिलिमीटरची. मशिनला द्यायचंच तर फटी न सोडता छापा आणि शिरा जाड सॅटिनमध्ये (शेजारी-शेजारी खेटून घातलेल्या सरळ टाक्यांत) घ्या.

पानावर पाण्याचा थेंबही भरायचा असेल तर तो सगळ्यांत शेवटी. त्याचीही जागा छपाईत मोकळी सोडलेली असावी, ६ मिलिमीटरची, नाहीतर पांढऱ्या दोऱ्याखालून हिरवा डोकावतो. कडेने एकपदरी उलटी टीप घाला, आत बारीक टाक्यांची गादी करा आणि त्यावर रेयॉनच्या पांढऱ्या दोऱ्याने आडवा सॅटिन. टाका ७ मिलिमीटरच्या वर नेऊ नका, बांगडीत अडकतो. खालच्या कडेला करड्या दोऱ्याचा एकच वळसा. इस्त्री करताना अभ्रा जाड टॉवेलवर पालथा ठेवा, थेंब टॉवेलमध्ये रुतला पाहिजे.