आज घेतली का?

दुपारी अडीच वाजता मी ताटलीत गोळ्या ओतून मोजत बसले होते. थायरॉइडच्या. सकाळची घेतली की नाही, काही केल्या आठवेना. बाटली १०० गोळ्यांची, उघडली पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आजपर्यंत... हिशेब दोनदा केला, उत्तरं दोन आली. एक गोळी घरंगळत टीपॉयखाली गेली ती वेगळीच.

खरं तर एखादी राहिली तरी फार बिघडत नाही. गोळीतलं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक, रक्तात रेंगाळतं, निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलंय, मला पटलंही आहे. तरी मोजते.

खरा छळ सकाळचा. उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि चहासाठी अर्धा तास थांबायचं. नेमक्या त्याच अर्ध्या तासात आमच्या कोथरूडच्या इमारतीत घरोघरी आलं ठेचलं जातं. नवरा समोर बसून बशीत ओतून फुर्र करून पितो. एरवी कपानंच पितो हो!

एवढं सगळं गळ्यातल्या पंधरा-वीस ग्रॅमच्या ग्रंथीसाठी. शाळेत तिला 'अवटू' म्हणायचे आणि मागचे दोन बाक हसायचे. तिच्यावर लक्ष ठेवते मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका. थायरॉक्सिन कमी पडलं की ही टीएसएच सोडते, ऊठ म्हणून. रिपोर्टात टीएसएच ११ बघून मी आधी खूश झाले होते, वाटलं भरपूर आहे. तर ते उलटं निघालं.

पण मला ते एकदम कळलं, कारण आमची आई. शनिपाराजवळच्या वाड्यात दिवेलागणीला ती गॅलरीतून हाक मारायची. पहिली हाक लाडाच्या नावानं. आम्ही लगोरीत. दुसरी जरा वरच्या पट्टीत. मग खरं नाव, आणि शेवटी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं. आवाज चढला, म्हणजे पोरगी अजून जागची हललेली नाही. टीएसएच ११ म्हणजे आडनावासकट. मी घरात शिरले की आई गप्प. गोळी सुरू झाल्यावर पीयूषिकाही तशीच हळूहळू गप्प झाली.

लगोरीत कायम एक भिडू कमी असायचा, मग आम्ही थोरल्या काकूला ओढायचो. गमतीला. ती दोन पावलं चालून जोत्यावर बसायची. एप्रिलात अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. चेहरा सुजरा, आवाज घोगरा, भुवया टोकाशी विरळ. पोळ्या लाटता लाटता डुलकी लागायची. आजी म्हणायची, 'हिच्या अंगात कामच नाही.' आम्ही पोरं तिला मालगाडी म्हणायचो. हळू म्हणायचो, पण तिला ऐकू जायचं.

१८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या याच ग्रंथीचा अर्क अशाच एका सुजलेल्या, थंडावलेल्या बाईला टोचला. बाई माणसांत आली आणि पुढे २८ वर्षं जगली. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉलनं थायरॉक्सिन वेगळं काढलं. काकूची पोळ्यांवरची डुलकी १९७४ ची.

तिला थायरॉइडच होता का, कोण जाणे. तिच्या गळ्याला कुणी हात लावून पाहिला नाही. दृष्ट मात्र दोन-चारदा काढली.

गोळ्या परत बाटलीत भरल्या. टीपॉयखालची झाडूनं काढली, फुंकर मारली आणि तीही आत टाकली.

काकू गेल्यावर तो स्वेटर तिच्या साड्यांच्या गाठोड्यात बोहारणीला दिला. बदल्यात एक पातेलं आलं. आईनं ते मला लग्नात दिलं. चहा त्यातच करते मी.